नळीतलं कडं

प्रिय छोट्या,

पन्नाशी गाठलेल्या, टक्कल पडलेल्या आणि वर्तमानपत्रात फोटो छापून येणाऱ्या माणसाला छोट्या म्हणणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण दुसरं काही लिहायला गेलो की हात अडतो, तेव्हा चालवून घे. फोन का नाही केला, असं तुझ्या मनात आलंच असेल. फोनवर तू हं बोल पटकन म्हणतोस, मग मागून कुणीतरी तुला सर सर करत हाका मारतं, आणि तू मला दोन मिनिटं थांबवून जो जातोस तो पुढच्या रविवारीच उगवतोस. पत्राला असं ताटकळत ठेवता येत नाही. फार तर तू ते अर्धवट टाकशील. तेवढं करू नकोस. आणि वाचताना तुझ्या शिकाऊ नेमबाजांपैकी कुणाला शेजारी बसवून घेऊ नकोस, यात तुझं कौतुक नाही.

घरचं सांगायचं तर बाबा मागच्या खोलीत आहेत. खाट खिडकीशी सरकवली आहे. डोळ्यांनी आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं, पण उजेड कुठून येतो ते कळलेलं त्यांना आवडतं. खाणं जवळजवळ सुटलं आहे. दोन घोट दूध, तेही तुझी वहिनी चमचा घेऊन मागे लागते तेव्हा. तिचं तोंड तुला माहीतच आहे. अहो तोंड उघडा, ही काही तुमची बंदूक नाही आत काय आहे ते बघायला, असं ती त्यांना काल म्हणाली आणि ते खुदकन हसले. सकाळी बरे असतात. दुपार झाली की माणसांची सरमिसळ होते. त्याबद्दल पुढे लिहितो. आधी मला तुला एका नळीबद्दल सांगायचं आहे.

आपला जाड्या तुला आठवतो ना, कोपऱ्यावरचा बंदूकवाल्याचा मुलगा? आता त्याच्या नावात तेवढीच गंमत उरली आहे, मधुमेहानं तो वाळून गेला आहे. बापाचा परवाना त्याच्याकडे आला, दुकान चालवतो. जुनं पिस्तूल कुणी विकायला आणलं की घेण्याआधी त्याची नळी तो माझ्याकडे पाठवतो. म्हणजे स्वतःच घेऊन येतो, समोर बसतो, दोन कप चहा संपवतो. मी पंपाच्या कारखान्यातून सुटून परत आलो तेव्हा बाबांचं बंदुका दुरुस्तीचं दुकान बंदच होतं. नवीन काम घ्यायचं नाही हे मी ठरवलेलं होतं, पण बघून सांगायला काय जातं? अवजारं होती, टेबल होतं, खिडकी होती. शिवाय जाड्या म्हणाला की तुझ्याइतकं कुणाला कळत नाही. बावीस वर्षांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं, म्हणून मी लगेच पाघळलो.

पद्धत मी बाबांचीच ठेवली आहे. तुला ती कधी पाळावी लागली नाही, तू टेबलाच्या त्या बाजूला बसायचास, शाबासकीच्या. नळी तपासायला आली की ती आणणाऱ्यानं बाहेरून पूर्ण चिकटपट्टी गुंडाळून आणायची. कुणी बनवली, कुणी बसवली, काही दिसता कामा नये. कुणाची आहे, कुणी वापरली, काय झालं, हे सांगायचं नाही. आपण फक्त आत बघायचं, चिठ्ठीवर निदान लिहायचं, खाली सही करायची, आणि मग पट्टी सोडायची. नाव कळलं की डोळा नावाप्रमाणे बघायला लागतो, असं बाबा म्हणायचे. आणि दुसरी पद्धत तुला आठवत असेल. बाबा एकदा निदान बोलले की दुसऱ्या कुणी ती नळी परत डोळ्याला लावायची नाही. ते त्यांना अपमानासारखं वाटायचं. आपल्या दुकानात कधीच कुणी लावली नाही.

तर मागच्या आठवड्यात जाड्या अशीच एक पट्टी गुंडाळलेली नळी घेऊन आला. बत्तीस बोअर, नेमबाजीच्या पिस्तुलाची, लांबीवरून कळत होतं. कुण्या बाईला शिकायला जुनं पिस्तूल हवं होतं आणि तिला देण्याजोगं आहे का, एवढाच प्रश्न होता. मी आधी गजाला कोरडी चिंधी लावून आतून फिरवली. चिंधीवर जुनं घट्ट झालेलं ग्रीस आलं, पिवळट, खूप वर्षं झालेलं. मग तेलाची चिंधी, मग ब्रश, मग पुन्हा कोरडी, ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत. घाण असताना निदान करायचं नाही, घाण शंभर सोंगं घेते. खिडकीच्या काचेवर पांढरा कागद चिकटवलेला असतोच माझा. त्याच्याकडे नळीचं एक टोक करून दुसऱ्या टोकातून पाहिलं.

आतले पीळ, म्हणजे गोळीला गरगरा फिरवणाऱ्या त्या वळत जाणाऱ्या खाचा, इतके सुरेख होते की मी जाड्याला म्हणालो, अरे, ही तर जवळजवळ नवी आहे. कडा धारदार. गंजाचे खड्डे नाहीत. गोळी जिथून नळीत शिरते तिथे झीज नाही, म्हणजे फार चाललेलीच नाही. तोंडाची कड गोल आणि सारखी, म्हणजे कुणी आडदांडानं गज घासून ती वाकडी केलेली नाही. काम करणाऱ्यानं मन लावून केलं होतं. जाड्या चहात बिस्किट बुडवत राहिला. मी नळी हातात सावकाश फिरवत होतो आणि तोंडापासून साधारण तीन बोटं आत मला ती सावली दिसली.

काळं कडं. मनगटात असतं तसं, पूर्ण गोल. नळी फिरवली तरी ते जागचं हललं नाही. उलट टोकातून पाहिलं, तरी तिथंच. शिसं चिकटून राहिलं असेल म्हणून पुन्हा ब्रश मारला, चांगला पन्नास वेळा. शिसं असतं तर पातळ झालं असतं, तुटक झालं असतं. हे जसंच्या तसं. मग मी ड्रॉवरमधून मऊ शिशाचा गोळा काढला, नळीच्या भोकाहून केसभर मोठा, तेलात बुडवला, तोंडातून ठोकून आत बसवला आणि गजानं हळूहळू ढकलायला लागलो. यात डोळ्यांचं काही काम नसतं, सगळं हाताला कळतं. घट्ट, घट्ट, सारखा घट्ट. आणि त्या कड्यापाशी गोळा एकदम सैल झाला, गज आपल्या आपण पाव बोट पुढे गेला, आणि परत घट्ट. पुढे चेंबरपर्यंत, म्हणजे काडतूस बसतं तिथपर्यंत, घट्टच. म्हणजे नळी त्या एकाच जागी आतून फुगली होती, गोल, सगळीकडून सारखी.

तू खेळाडू आहेस, कारागीर नाहीस, म्हणून उलगडून सांगतो. नळी आतून जास्त कोरली गेली तर ती लांबवर सैल होते, एका कड्यापुरती नाही. पोलाद तापवताना चूक झाली तर झीज चेंबरच्या बाजूनं सुरू होते. गंज खड्डे पाडतो. असं एकच नेमकं कडं पडायला एकच कारण लागतं. एका काडतुसात बारूद भरायची राहते. घोडा पडतो, मागची टोपी तेवढी फुटते, ठो व्हायच्या ऐवजी फुस्स होतं. गोळी निघते पण बाहेर पडायची ताकद तिच्यात नसते, ती नळीतच अडकून बसते. शहाणा माणूस तिथे थांबतो, पिस्तूल रिकामं करतो, आत बघतो. घाईतला माणूस हातानं पुढचं काडतूस चढवतो आणि झाडतो. मागून आलेली गोळी पुढच्या गोळीवर आदळते, आणि जिथे आदळते तिथे नळी फुगते. दोन्ही गोळ्या बाहेर निघून जातात. बाहेरून काहीही दिसत नाही. पण त्या दिवसापासून ती नळी नेम धरत नाही.

मी चिठ्ठीवर तेच लिहिलं. नळी बाद. आत अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी झाडल्यामुळे एका जागी फुगवटा. बसवणाऱ्याचा दोष नाही, काम उत्तम. सही केली, तारीख टाकली. आणि मग पट्टी सोडली. नळीच्या पोटाखाली माझा ठसा होता. तो माझा चौकोनातला छोटा त्रिकोण, जो ठसा मारायच्या पोलादी पंचाला स्वतः घासून मी बनवला होता आणि जो पाहून तू म्हणाला होतास की दादा, हे तर समोशासारखं दिसतंय. जाड्याला माहीत होतं. त्याला पिस्तूल आलं तेव्हाच कळलं होतं. तो कप खाली ठेवून म्हणाला, मी काही बोललो नाही हं, पद्धतीप्रमाणे. आणि मग त्याला रडू आलं, मला नाही.

तो दिवस तुला आठवतो का रे? मला रोज आठवतो, म्हणून विचारतो. निवड स्पर्धेतून तू परत आलास. तुझ्या गोळ्या सगळ्या रानोमाळ गेल्या होत्या, तू शेवटून तिसरा. दुकानात नेमबाजी क्लबचे चिटणीस होते, जाड्याचा बाप होता, आणखी दोघं गिऱ्हाईकं होती. तू पिस्तूल टेबलावर आपटलंस आणि सगळ्यांदेखत म्हणालास की दादानं नळी बसवताना आत घोळ घातलाय. मी हसलो होतो. मला खरंच वाटलं की चिडलाय, उद्या शांत होईल. बाबांनी नळी काढली, पुसली, खिडकीशी नेली. फार वेळ पाहत होते. मग खाली ठेवली आणि दोन शब्द बोलले. काम चुकलंय. पुढे हात केला आणि माझा पंच मागितला. ज्याचा ठसा काढून घेतला त्याला आपल्या धंद्यात कुणी उभं करत नाही, हे चिटणिसांनाही माहीत होतं. ते लगेच छताकडे बघायला लागले.

आता गंमत ऐक. मी ती नळी बघायला मागितलीच नाही. बाबा बोलले होते ना! बावीस वर्षांत माझ्या मनात एकदाही आलं नाही की आपण स्वतः एकदा डोळा लावायला हवा होता. माझीच नळी, माझाच ठसा, हातभर अंतरावर पडलेली, आणि मी शेपूट घालून बाहेर पडलो. इतका मी त्यांच्या पद्धतीचा गुलाम. तुला वाटेल दादानं तेव्हाच ओळखलं असेल आणि मनात ठेवलं असेल. नाही रे. मी विश्वास ठेवला. माझंच चुकलं असं मला बावीस वर्षं वाटत होतं. कारखान्यात पंपाचे सिलिंडर मोजताना मी प्रत्येक माप तीनदा घ्यायचो, पोरं मला मायक्रोमीटर म्हणून चिडवायची. कोरताना माझा कोणता हात जड पडला असेल, हे मी जेवताना, आंघोळ करताना, तुझ्या वहिनीशी बोलता बोलता मध्येच शोधत बसायचो. ती वैतागून म्हणायची, मेला तो एक तुकडा लोखंडाचा, आपल्या दोघांच्या मध्ये झोपतो. आम्हाला मूल झालं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, दोष कुणाचाच नाही. पण मी तेही माझ्याच खात्यात टाकलं होतं, सवयीनं.

चिठ्ठी लिहिल्यावरही मी लगेच तुझ्यावर आलो नाही, याची नोंद घे. मी आधी तुला सोडवायला बघितलं. म्हटलं, बाबांनी ते पिस्तूल नंतर विकलं, घेणाऱ्यानं पुढे काहीतरी उपद्व्याप केला असेल. जाड्यानं सांगितलं की ते एका निवृत्त अधिकाऱ्यानं घेतलं होतं, हौस म्हणून, कपाटात ठेवायला. त्यानं एकही गोळी झाडली नाही. तो वारला, त्याच्या बायकोनं आहे तसं डब्यासकट आणून दिलं. यावर विश्वास ठेवायची मला गरज नव्हती. चिंधीवर आलेलं ते पिवळट ग्रीस मी पुन्हा हुंगलं. मेण, तेल आणि तो कापराचा वास. बाबा घरी कढवायचे ते. बाजारात मिळत नाही. त्यांनी ज्या दिवशी ग्रीस भरून ती नळी बंद केली त्या दिवसापासून तिच्यातून काहीच गेलेलं नव्हतं.

मग उरला तूच. क्लबनं आदल्याच वर्षी घरी भरलेल्या काडतुसांवर बंदी घातली होती, सापडला तर पाच वर्षं बाहेर. बाबांनी भरायचं यंत्र खोलून माळ्यावर टाकलं होतं. आणि तू स्पर्धेच्या आदल्या दुपारी सरावाला गेला होतास, कंपनीची काडतुसं तर मोजून स्पर्धेपुरतीच आली होती. मी तेव्हा विचारलंही होतं की सराव कशावर केलास. तू म्हणालास, कोरडाच केला, काडतूस न भरता. माळ्यावर चढून तू आपली आपण भरलीस ना रे? गाणं गुणगुणत, भलतीकडे बघत, तुझ्या त्या नेहमीच्या घाईत. एकात बारूद राहिली. फुस्स झालं तेव्हा तुझ्या लक्षात आलं असणार, एवढा आवाज ओळखायला तू काही नवखा नव्हतास. पण थांबला असतास तर सगळ्यांना कळलं असतं, आणि कळलं असतं तर पाच वर्षं. म्हणून तू पुढचं चढवलंस.

एवढं कळूनसुद्धा दोन दिवस मी तुला बरंचसं माफ केलं होतं. हे तुला विचित्र वाटेल. पण अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, समोर अख्खी कारकीर्द, घाबरला आणि जवळच्या माणसावर ढकललं. होतं असं. आपण लहानपणी फुटलेली बरणी मांजरावर ढकलायचो, तसंच ते. मला खरा आनंद कशाचा झाला होता सांगू? बाबा चुकले होते याचा. त्या वर्षीच त्यांना चष्मा लागला होता. मी तुझ्या वहिनीला म्हटलं, त्यांना दिसलंच नाही गं, नजर उतरली होती, कबूल करायची लाज वाटली असेल. मी उगाचच दिवसभर शीळ घालत होतो. त्यांच्या खाटेशी बसून त्यांचे पाय चेपले. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला ते नुसते म्हातारे वाटले, माझे वाटले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांची कूस बदलत होतो. त्यांनी माझा हात पकडला आणि तुझं नाव घेतलं. घरचं नाव नाही, पूर्ण नाव, तुझ्या प्रशस्तिपत्रकांवर असतं ते. मी ओ दिली. म्हटलं, कशाला म्हाताऱ्याला दुरुस्त करायचं. तर ते हळूच मला विचारतात की अरे, दादाला सांगितलंस का? मी म्हटलं, काय? तर म्हणाले, नळीचं. हंगाम संपला की सांगतो म्हणाला होतास मला. किती हंगाम झाले.

मी तसाच उभा राहिलो छोट्या. त्यांचं अर्धं अंग माझ्या हातावर होतं, सोडताही येईना. ते बोलत राहिले, तुझ्याशी. की त्यांनी ते कडं खिडकीशी पहिल्या नजरेतच पाहिलं होतं. की दुकान बंद केल्यावर शिशाचा गोळा घालूनही पाहिला, तुला समोर बसवून, आणि तू सगळं कबूल केलंस. की तेव्हा चिटणिसांसमोर खरं बोलले असते तर तुझं आयुष्य तिथंच संपलं असतं. तू मोडला असतास. दादाचं काय, दादा कणखर आहे, तो सोसेल, असं त्यांनी मला माझ्याच तोंडावर सांगितलं.

कणखर! हा शब्द आता कानावर आला तरी माझं डोकं फिरतं. ज्याच्या वाट्याला कमी द्यायचं ठरवलेलं असतं त्याला कणखर म्हणायचं, म्हणजे देणाऱ्याला झोप लागते. तुम्ही दोघं समोरासमोर बसलात, एका टेबलाशी, माझ्या टेबलाशी, आणि माझं काय करायचं ते ठरवलंत. तू पुढच्या वर्षी संघात गेलास तेव्हा मी कारखान्याच्या कँटीनमध्ये रेडिओला कान लावून बसलो होतो. पेढे नव्हते म्हणून सगळ्यांना चहा पाजला मी. माझा भाऊ आहे म्हणून सांगितलं. परवाच्या मुलाखतीत तू म्हणालास की मी आज जो आहे तो वडिलांच्या त्यागामुळे. त्यांचा त्याग! त्यांनी त्यागला काय? मलाच ना?

तुझ्या वहिनीला सांगितलं. मला वाटलं ती कडाकडा बोटं मोडेल तुमच्या दोघांच्या नावानं. ती एवढंच म्हणाली, मग आता ती नळी उशाशी घेऊन झोपणार का? मी म्हटलं, हो, झोपणार. तिनं पदराला हात पुसले आणि बाबांना दूध पाजायला निघून गेली. मी मात्र दोन दिवस त्या खोलीत गेलो नाही. मग गेलो. न जाऊन करतो काय, एकटीला त्यांचं अंग पेलत नाही. मी त्यांना पुसतो, कपडे बदलतो, पाठीला पावडर लावतो. प्रेमानं करतो असं समजू नकोस. दात खाऊन करतो. पण नीट करतो, तेवढं मला येतं.

आता हे पत्र कशासाठी ते लिहितो. जाब विचारायला नाही, तुझ्याकडे उत्तर नाही हे मला ठाऊक आहे, आणि पंच परत मिळून या वयात मी ठसा उमटवणार कशावर? डॉक्टरांनी आठ-दहा दिवस सांगितले आहेत, त्यातले चार मी हे पत्र लिहायचं की नाही यात घालवले. बाबांचं आता सकाळ-दुपार राहिलेलं नाही, दिवसभर मी तूच असतो. दिवसातून वीस वेळा माझा हात धरून विचारतात की दादाला सांगितलंस का, काय म्हणाला तो, माफ केलं का त्यानं. आणि उत्तराची वाट बघत डोळे उघडे ठेवतात. मी गप्प बसतो. हो म्हणायला तोंड उघडतच नाही रे, कारण मी माफ केलेलं नाही, त्यांनाही नाही आणि तुलाही नाही. आणि जे आत दिसत नाही ते बोलायचं नाही, हे त्यांनीच मला मारून मारून शिकवलं आहे. नाही म्हणायचं, तर समोर हाडांचा सापळा आहे आणि तो माझा बाप आहे. तेवढं ऐकल्याशिवाय त्यांचा जीव सुटणार नाही असं तुझी वहिनी म्हणते, आणि मलाही ते दिसतंय. म्हणून ये. पत्र मिळाल्या मिळाल्या नीघ, आज शिबिर आहे उद्या बैठक आहे असलं काही सांगू नकोस. माझ्या तोंडाकडे बघू नकोस, माझ्याशी बोलायचीही गरज नाही. सरळ मागच्या खोलीत जा, त्यांचा हात हातात घे, आणि सांग की दादाला सगळं सांगितलं, दादानं माफ केलं. खोटं तुला जमतं. बावीस वर्षं माझ्याविरुद्ध जमलं, आता एकदा माझ्यासाठी बोल.

तुझाच, ते काही कुणाला बदलता येत नाही म्हणून,
दादा